मेक्सिकोच्या सागरतीरीं

मेक्सिको देशांत कॅरिबियन समुद्रावरील कानकून व पॅसिफिक महासागरावरील आकापुल्को हीं स्थळें रम्य खरीं; परंतु तेथें जाणारानें आधीं ऋतु पहावा, असें आम्ही सुचवितों. जून ते नोव्हेंबर हे वादळांचे महिने होत. सन २०२३ च्या ऑक्टोबरांत ‘ओटिस’ नांवाचें वादळ एका दिवसांत उग्र रूप धारण करून आकापुल्कोवर कोसळलें.

तीरावरील निशाण पाहूनच पाण्यांत उतरावें. हिरवें म्हणजे समुद्र शांत. पिवळें दिसतां जपावें. तांबडें अथवा काळें असतां उतरूंच नये. तरीही प्रवाहानें आंत ओढलें, तर किनाऱ्याच्या दिशेनें झगडूं नये. त्यांत शक्ति संपते व माणूस बुडतो. किनाऱ्यास समांतर पोहून प्रवाहाबाहेर यावें व मग परतावें. सोबत्यांपुढें पोहण्याची ऐट मिरविण्यापेक्षां निशाणाची आज्ञा पाळणें श्रेयस्कर होय.