व्हिनिल रेक्झिनमधील घड्या व दोष

व्हिनिल रेक्झिनमधील घड्या व दोष : खुर्च्या, सोफे, वाहनांची आसने इ. मढविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या व्हिनिलच्या कापडात कारखान्यात, वेष्टनात, वाहतुकीत किंवा गुदामात निर्माण झालेल्या आणि मालाबरोबरच ग्राहकाकडे येणाऱ्या सुरकुत्या, घडीच्या रेघा व इतर उणिवा. यांपैकी काही थोड्या उष्णतेने नाहीशा होतात, काही कोणत्याही उपायाने जात नाहीत. कोणती उणीव कोणत्या प्रकारची आहे, हे रोलला कात्री लावण्यापूर्वी ठरवावे लागते. कारण कापलेला माल परत करण्याचा हक्क बहुधा उरत नाही आणि नुकसान कारागिराच्या माथी येते.

रेक्झिन हे मूळचे एका ब्रिटिश मालाचे व्यापारी नाव. सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन हा माल मँचेस्टरजवळील हाइड येथे तयार करीत. पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) हा पदार्थ ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना १८७२ मध्ये आढळला होता. तथापि तो कठीण व ठिसूळ असल्याने निरुपयोगी मानला जाई. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सीमन यांनी १९२६ मध्ये त्याला नरमपणा आणण्याची रीत शोधल्यावर लेपित कापडासाठी त्याचा मार्ग खुला झाला. पुढे पदार्थ बदलला, तरी भारतीय बाजारात नाव रेक्झिन हेच राहिले.

रचना व घडीचे स्वरूप : या मालात सामान्यतः विणलेल्या किंवा होजिअरी कापडाचा तळ, त्यावर पीव्हीसीचा (पुष्कळदा फेसाळ) थर, त्यावर घट्ट व रंगीत पृष्ठथर आणि सर्वांत वर लाखेचा अतिशय पातळ लेप असतो. मालाची रुंदी बहुधा १३७ सेंमी. (५४ इंच) असते. नुसते पीव्हीसी सु. ८०° से. तापमानाखाली काचेसारखे ताठ असते. त्यात प्लॅस्टिसायझर हे तेलासारखे द्रव मिसळल्यावर रेणूंच्या साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात व पदार्थ नेहमीच्या तापमानास लवचिक राहतो. मात्र साखळ्यांमध्ये जागोजाग सूक्ष्म स्फटिकी गाठी टिकून असतात. सु. १६०° ते २००° से. तापमानास थर एकजीव होऊन थंड होताना त्याला जो आकार मिळतो, तो या गाठींमुळे जणू स्मरणात राहतो. थंडपणी पडलेली घडी हा या मूळ आकारापासूनचा तात्पुरता ढळ होय. थर किंचित तापविला, की साखळ्या सैल होऊन तो पूर्वस्थितीकडे जाऊ लागतो.

ही गोष्ट एका अडचणीसह येते. कॅलेंडर यंत्रावर लाटलेल्या थरावर चामड्याचा पोत उमटविताना थर तापवून नक्षीदार रुळाखाली दाबतात व लगेच थंड करतात. म्हणजे हा पोतही एक गोठविलेली विकृतीच असते. घडी घालविणारी उष्णता वाढली, की ती पोतही पुसू लागते आणि घडीच्या जागी गुळगुळीत, चकाकणारा पट्टा उरतो. हा पट्टा मूळ घडीपेक्षा अधिक डोळ्यांत भरतो. याउलट नक्षीदार कागदावर पातळ लेप ओतून, तो कागदावरच भट्टीत पक्का करून नंतर सोलून काढलेल्या मालात पोत हाच मूळ आकार असतो. त्यामुळे तो उष्णतेस अधिक टिकतो. दोन्ही प्रकारचे माल एकाच दुकानात, एकाच नावाने मिळतात. म्हणून कोणताही उपाय आधी टोकाच्या कातरणावर करून पाहणे, एवढी एकच सूचना सर्वत्र लागू पडते.

घड्यांचे प्रकार : पाच-दहा मीटरचा तुकडा घडी घालून पाठविल्यास पडणारी सरळ रेघ आणि रोलच्या गाभ्याजवळच्या आवळलेल्या चुण्या बहुधा जातात. एकावर एक आडवेतिडवे रचलेल्या रोलांतील तळच्या रोलाची गोष्ट वेगळी. उन्हाने तापलेल्या मालमोटारीत किंवा पत्र्याच्या गुदामात अशा वजनाखाली फेसाळ थराच्या पेशी दबून बसतात, पोत चेपला जातो आणि नवा आकारच अंशतः मुरतो. असा डाग फिका होतो, पण पूर्ण जात नाही. घडीच्या कण्यावर पांढरी रेघ दिसत असेल, तर थरावर त्याच्या सहनशक्तीपलीकडे ताण येऊन गेलेला असतो. कडाक्याच्या थंडीत ताठरलेला रोल उलगडताना सूक्ष्म तडेही जातात. या दोन्हींवर उपाय नाही.

सर्वांत फसवी घडी कारखान्यातली. लेप देताना तळाचे कापडच दुमडले असेल, तर दुमडीच्या आत लेप पोहोचत नाही. वरून ती साध्या सुरकुतीसारखी दिसते. पण रोल उलटून पाहिल्यास तळाच्या कापडाची दुमड स्पष्ट दिसते. ती ताणून उघडली, तर कोरी चीर पडते. मालाची पाठ न पाहता घेतलेला निर्णय म्हणूनच विश्वासार्ह नसतो.

घडी घालविणे : रोल सैल उलगडून, लेपाची बाजू वर ठेवून, उबदार खोलीत एक दिवस सपाट पसरणे हा पहिला आणि पुष्कळदा पुरेसा उपाय होय. न गेलेल्या घडीवर गरम हवेचा झोत २०–३० सेंमी. अंतरावरून सतत फिरता ठेवतात. पृष्ठावर हाताची मागची बाजू जेमतेम टेकविता येईल इतके ऊन झाले, की घडीच्या आडव्या दिशेने हलका ताण देऊन पूर्ण थंड होईपर्यंत तो धरून ठेवतात. गरम असताना सोडल्यास घडी परत येते. घाई करणाऱ्यांचे काम इथेच बिघडते. पीव्हीसीत पाणी मुरत नसल्याने वाफेचा उपयोग केवळ उष्णतेपुरता असतो व ती तळाच्या बाजूने देणे बरे. इस्त्री लेपावर कधीही टेकवू नये. करपलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. फोमवर ताणून बसविल्यावर किरकोळ चुण्या आपोआप जातात हे खरे. पण सोफ्याच्या मागच्या सपाट पाठीवर तो भरवसा ठेवता येत नाही.

इतर दोष : लेप देणाऱ्या पात्याखाली कण अडकल्याने पडलेली लांब रेघ, न विरघळलेल्या रेझिनाच्या गुठळ्या, टाचणीएवढी छिद्रे, लेप व कापड सुटणे, दोन लॉटांतील रंगछटेचा फरक आणि पृष्ठावर प्लॅस्टिसायझर येऊन झालेली चिकटाई हे नेहमी आढळणारे दोष आहेत. तिरप्या प्रकाशात घड्या व रेघा, तर उजेडासमोर धरल्यास छिद्रे दिसतात. रंगछटा रोलच्या दोन्ही टोकांचे व दोन्ही काठांचे तुकडे शेजारी ठेवून ताडतात. लेपित कापडाविषयी आयएस १२५९ आणि चाचणीपद्धतींविषयी आयएस ७०१६ ही भारतीय मानके आहेत.

दोषांची नुसती संख्या मात्र फार काही सांगत नाही. दर दीड मीटरवर एक आडवा दोष असलेल्या रोलातून ५० सेंमी. लांबीच्या गाद्यांचे तुकडे थोड्या वायफळ कातरणीत निघतात, १८० सेंमी. लांबीची सोफ्याची अखंड पाठ त्यातून एकही निघत नाही. किंमत कमी करून घेण्याची बोलणी म्हणूनच मीटरवर न करता बेतलेल्या तुकड्यांवर करणे न्याय्य ठरते.

कायद्यातील स्थिती : भारतात माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ अन्वये ग्राहकास माल तपासण्याची वाजवी संधी मिळते. कलम ४२ नुसार मालकी विक्रेत्याचीच असल्याशी विसंगत अशी कृती केल्यास, किंवा नकार न कळविता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतल्यास, तो स्वीकारला असे मानले जाते. रोल कापणे ही अशी कृती ठरू शकते. त्यानंतर सामान्यतः माल नाकारता येत नाही. कलम ५९ प्रमाणे किंमतीत घट किंवा भरपाई मागता येते. नमुन्यावरून खरेदी झाली असल्यास, नमुन्याच्या वाजवी तपासणीत न दिसणारा व मालास विक्रीयोग्य न ठेवणारा दोष नसावा, अशी अट कलम १७ मध्ये गृहीत आहे. मालाची पोच देताना चलनावर ‘तपासणीच्या अधीन’ असा शेरा, दोषांची छायाचित्रे, लॉट क्रमांक आणि लेखी कळविल्याची तारीख या गोष्टी वादात उपयोगी पडतात. तोंडी तक्रार करून काम पुढे रेटण्याची लहान दुकानांची सवय महागात पडते.

साठवण : रोल भक्कम नळीवर, लेप बाहेर ठेवून सैलसर गुंडाळावा व नळीतून दांडा घालून आडवा टांगावा. उभा ठेवल्यास तो स्वतःच्या वजनाने खचून खालच्या काठाला चुण्या पडतात. वेष्टनास छापील वर्तमानपत्र वापरू नये. शाईतील रंग प्लॅस्टिसायझरमध्ये मुरून लेपात कायमचा उतरतो. थर्मोकोलही लागून ठेवू नये. प्लॅस्टिसायझर त्यात शिरतो, थर्मोकोल विरघळून रेक्झिनला चिकटतो आणि तो भाग निकामी होतो.