पदकं, प्रमोशन सगळं मिळालं. तरी मनावरचा जुना ताण का जात नाही?

टोकियो ऑलिम्पिक, 27 जुलै 2021. जिम्नॅस्टिक्सच्या सांघिक अंतिम फेरीत एका व्हॉल्टनंतर सिमोन बाइल्सने माघार घेतली. रिओमध्ये चार सुवर्णपदकं जिंकणारी खेळाडू कच खाते, अशी टीका झाली. प्रत्यक्षात हवेत गिरकी घेताना शरीर नेमकं कुठे आहे, याचं भानच तिला राहत नव्हतं. जिम्नॅस्ट याला 'ट्विस्टीज' म्हणतात. अशा वेळी उडी मारणं म्हणजे मान किंवा मणका मोडण्याचा धोका.

संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने आपलं लैंगिक शोषण केल्याचं तिने 2018 मध्येच जाहीर केलं होतं. पुढे थेरपी घेत, स्पर्धांपासून दूर राहून ती 2023 मध्ये परतली. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्यपदक जिंकलं.

यशामागे त्रास लपतो कसा?

धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, छाती धडधडते. धोका टळला की सगळं पूर्ववत व्हायला हवं. पण आघात मोठा असेल किंवा ताण वर्षानुवर्षं चालला असेल, तर शरीर सावधच राहतं. झोप उडते, साध्या आवाजाने दचकायला होतं, सुट्टीतही अपराधी वाटतं.

अनेकजणी या अस्वस्थतेपासून पळण्यासाठी कामात बुडून जातात. काम चोख होतं, कौतुक होतं. त्यामुळे "तू बरी आहेस ना?" हे कुणी विचारतच नाही.

त्यात घरची पाळी वेगळीच. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिलांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो, तर पुरुषांचा 97 मिनिटं.

यातून बाहेर कसं पडायचं?

त्रास मान्य करणं: "माझं तर सगळं छान चाललंय, मग तक्रार कशाची?" हा विचार उपचार लांबवतो. यश मिळालं म्हणून आघात पुसला जात नाही.

योग्य उपचार: आघातानंतरच्या तणाव विकारासाठी (पीटीएसडी) आघात-केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. त्या प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्याव्यात.

शरीराकडे लक्ष: ठरलेल्या वेळी झोप, चालणं आणि श्वास सावकाश सोडणं यामुळे शरीर शांत व्हायला मदत होते. मात्र हा थेरपीला पर्याय नाही.

कारण हटवणं: छळ सुरूच असेल तर नुसत्या विश्रांतीने भागत नाही. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. घरीही 'मदत' नको, कामाची वाटणी हवी.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

बरं होणं म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं धावायला लागणं नव्हे. कधी थांबायचं, हे स्वतः ठरवता येणं हीसुद्धा बरं होण्याचीच खूण आहे. पॅरिसमध्ये स्पर्धेच्या दिवशीही बाइल्स आपल्या थेरपिस्टशी बोलत होती.