अकरावी सायन्स: गणित की बायो, ठरवण्याआधी हे वाचा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी हीच चर्चा. माझं आग्रहाचं सांगणं: आधी बारावीनंतरच्या प्रवेशाच्या अटी बघा, मग अकरावीचे विषय भरा.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी हवंच. शिवाय या विषयांत बोर्डाला पास होणंही गरजेचं असतं. नीटचा स्कोअर कितीही चांगला असला तरी बोर्डाचे गुण कमी पडले तर प्रवेश हुकतो. आर्किटेक्चरला गणित लागतं. एनडीएतून हवाई दलात किंवा नौदलात जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही लागतात. बी.फार्म.ला मात्र गणित किंवा बायो, दोन्हींपैकी एक चालतं.

बायफोकलचा (कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स) मोह भल्याभल्यांना पडतो. विषय २०० गुणांचा, मार्क छान मिळतात. पण त्यासाठी दुसरी भाषा आणि बहुतेकदा बायो सोडावं लागतं. डॉक्टरकीचा विचार मनाच्या कोपऱ्यात जरी असला, तरी बायो सोडू नका.

अकरावीत ढिलाई नकोच. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे!

ठरतच नसेल तर गणित आणि बायो दोन्ही ठेवा. अभ्यास वाढेल, पण वाटा खुल्या राहतील. फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायो हे चारही विषय एकत्र मिळतात का, ते कॉलेजच्या ऑफिसात आधीच विचारून घ्या.