डाख देण्याचे यंत्र : घरचे की बाजारचे?

अमेरिकेत व ब्रिटनमध्ये पितळी आगगाड्यांची छोटी प्रारूपे करणारे पुष्कळ हौशी आहेत. १:८७ प्रमाणाच्या इंजिनावर कठडा जोडताना साधे सोल्डरिंग आयर्न वापरले, तर पितळ सुवाहक असल्याने शेजारचा जुना सांधाही सुटतो. म्हणून ते कार्बनच्या टोकातून सुमारे ३ व्होल्टला ३० अँपिअर प्रवाह सांध्यात सोडतात. शक्ती ९० वॅट. पण कार्बनचा रोध पितळेहून कितीतरी जास्त, त्यामुळे उष्णता टोकाशीच निर्माण होते. पायातले बटण सोडल्यावर डाख गोठेपर्यंत तेच टोक कठडा दाबून धरते.

मग यंत्र घरीच का करू नये? टोकाला टॉर्चच्या सेलमधली कार्बनकांडी चालते. अडचण ट्रान्सफॉर्मरची. काहीजण तो टाकाऊ मायक्रोवेव्ह भट्टीतून काढून त्यावर जाड तारेचे दोन-तीन वेढे देतात. त्याची मूळ दुय्यम गुंडाळी सुमारे २००० व्होल्ट देते, आणि भट्टीतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारित असू शकतो. हा धक्का प्राणघातक ठरतो. बाजारच्या यंत्राची किंमत तत्त्वाची नव्हे, चांगल्या विद्युतनिरोधनाची व प्रवाह कमी-जास्त करण्याच्या सोयीची असते.

वर्गात मात्र आम्ही दोन्ही टाळू. चार सेलना पेन्सिलचे बारीक शिसे जोडले की ते तापते; फक्त बोट लावू नये.