शुद्ध स्वर आणि ऑसिलेटरमधले लहान घटक

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की षड्जाबरोबर गंधारही ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट असे उपस्वर तारेतून आपोआप उमटतात आणि कानाला गोड लागतात. पण सभागृहातला अँप्लिफायर तपासायचा असेल, तर एकाच कंपनसंख्येचा स्वर हवा. तो देणारे उपकरण म्हणजे ऑडिओ ऑसिलेटर.

अँप्लिफायरला १००० हर्ट्झचा स्वर दिला आणि बाहेर २००० किंवा ३००० हर्ट्झही निघाले, तर त्याला विरूपण म्हणतात. १ व्होल्टच्या स्वरात १ मिलिव्होल्टचा उपस्वर मिसळला, तर विरूपण ०.१ टक्का झाले. आता ऑसिलेटरच ०.१ टक्का विरूपण देत असेल, तर ०.०१ टक्क्याचा उत्तम अँप्लिफायरही सदोष दिसेल आणि दुरुस्तीचा खर्च विनाकारण शाळेच्या माथी बसेल. म्हणून आधी मोजणारा स्वर शुद्ध हवा.

आम्ही विज्ञान मंडळात वीन ब्रिज ऑसिलेटर निवडला आहे. माक्स वीन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ साली हा ब्रिज मांडला. १९३९ साली अमेरिकेतील विल्यम ह्यूलेट यांनी त्याला एक साधा विजेचा दिवा जोडून स्थिर ऑसिलेटर तयार केला. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीची सुरुवात याच उपकरणाने झाली.

या मंडलात दोन रेझिस्टर व दोन कपॅसिटर कंपनसंख्या ठरवतात. १६ किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड घेतले, तर सुमारे ९९५ हर्ट्झ मिळतात. दोन्ही जोड्या तंतोतंत सारख्या असतील, तर अँप्लिफायरने स्वर बरोबर ३ पट वाढवावा लागतो. पण रेझिस्टर ५ टक्क्यांनी आणि कपॅसिटर १० टक्क्यांनी विरुद्ध दिशांना चुकले, तर हाच आकडा ३.३ च्या वर जाऊ शकतो. हा फरक भरून काढण्याचे काम दिव्यावर पडते. ते त्याला झेपले नाही, तर स्वर बंद पडतो किंवा तरंगाचे माथे कापले जातात. १ टक्क्याचे रेझिस्टर आणि मोजून जुळवलेले कपॅसिटर घ्यायचे ते यासाठी.

कपॅसिटरची जात त्याहून महत्त्वाची आहे. बाजारात १०३ असे छापलेली सिरॅमिकची स्वस्त चकती मिळते. तिच्यात बहुधा बेरियम टायटॅनेट असते आणि व्होल्टेज बदलले की तिची धारिता बदलते. तरंगाच्या माथ्यावर कपॅसिटर वेगळा आणि मध्यावर वेगळा झाला, तर तरंगाचा आकार बिघडणारच! यातून मुख्यतः तिसरा उपस्वर, म्हणजे ३००० हर्ट्झ, उमटतो. एनपीओ जातीचा सिरॅमिक, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीन यांत हा दोष फारच कमी असतो. मात्र पॉलिस्टायरीन सोल्डरिंगच्या उष्णतेने मऊ पडते, म्हणून सोल्डर करताना त्याची तार चिमट्याने धरावी.

रेझिस्टरही अगदी निर्दोष नसतात. प्रत्येक रेझिस्टर उष्णतेमुळे थोडी खरखर निर्माण करतो. १० किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, ती सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट असते. जुन्या कार्बन रेझिस्टरमध्ये विद्युतप्रवाहामुळे तिच्यात आणखी भर पडते; मेटल फिल्ममध्ये ही भर नगण्य असते. रेझिस्टरचे मूल्य १० पट कमी केले, तर खरखर सुमारे ३ पट घटते, पण आयसीवर भार वाढतो आणि विरूपण त्याच्याकडून येऊ लागते. म्हणून मध्यम मार्ग काढावा लागतो.

सर्वांत गमतीचा घटक म्हणजे दिवा. स्वर मोठा झाला की त्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि वाढलेला स्वर खाली येतो. १००० हर्ट्झला एक फेरा १ मिलिसेकंदाचा असतो. तेवढ्यात तार थंड व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे रोध स्थिर राहतो. २० हर्ट्झला मात्र फेरा ५० मिलिसेकंदांचा होतो. तार प्रत्येक फेऱ्यात दोनदा तापते व निवते, आणि तिसरा उपस्वर डोके वर काढतो. दिव्याचा जो गुण स्वर सांभाळतो, तोच खर्जात स्वर बिघडवतो.

दोष कुणाचा, हे कसे ओळखायचे? एका वेळी एकच घटक बदलावा आणि प्रत्येक वेळी मोजमाप वहीत लिहावे. दुसरी युक्ती अशी, की ऑसिलेटरचा स्वर अर्ध्यावर आणावा. तिसऱ्या उपस्वराचे प्रमाण साधारण चौथाईवर आले, तर व्होल्टेजबरोबर बदलणाऱ्या घटकावर संशय घ्यावा. मात्र स्वर फार लहान केला, तर खरखरच जास्त भासते.

पालक व विश्वस्त मंडळींना आमचे सांगणे इतकेच आहे: प्रयोगशाळेच्या यादीत चार कपॅसिटरसाठी थोडी जास्त किंमत दिसली, तर ती चैन समजू नये. मोजमापाचा खरेपणा याच लहान घटकांवर अवलंबून असतो.