इलेक्ट्रिक मोटारगाड्यांमधील सीटबेल्ट दोष

इलेक्ट्रिक मोटारगाड्यांमधील सीटबेल्ट दोष म्हणजे विजेवर चालणाऱ्या प्रवासी मोटारींत प्रवाशाला आसनावर रोखून धरणाऱ्या सुरक्षा प्रणालीतील त्रुटी होत. या प्रणालीत सीटबेल्ट, त्याच्या वाहनाशी असलेल्या जोडण्या, पट्टा ताणणारे प्रीटेन्शनर हे यंत्र, आसनाची चौकट, एअरबॅग आणि पट्टा न लावल्यास इशारा देणारी यंत्रणा यांचा समावेश होतो. २०१५ पासून टेस्ला, जनरल मोटर्स व रिव्हियन या अमेरिकी कंपन्यांनी अशा दोषांमुळे इलेक्ट्रिक वाहने परत मागवली आहेत. खाली दिलेल्या प्रकरणांपैकी बहुतेक यांत्रिक दोषांचा संबंध बॅटरीशी नसून कारखान्यातील जुळणीशी होता. इशारा यंत्रणेतील दोष मात्र संगणकीय आज्ञावलीतील होते.

रचना व कार्य

तीन बिंदूंवर बांधलेला आधुनिक सीटबेल्ट निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीत तयार केला. १९५९ मध्ये तो मोटारींत बसवला जाऊ लागला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना खुले ठेवले. हा पट्टा टक्करीचा भार खांदा, छाती व कंबरेच्या हाडांवर विभागतो. टक्कर झाल्याचे संवेदकांनी कळवताच प्रीटेन्शनरमधील लहान स्फोटक भार पेटतो. त्यातून निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने पट्टा काही सहस्रांश सेकंदांत ओढला जातो आणि शरीर व पट्टा यांमधील सैलपणा नाहीसा होतो.

पट्ट्यावर येणारा भार प्रवाशाचे वस्तुमान व टक्करीतील मंदन यांवर अवलंबून असतो. ७५ किलोग्रॅम वजनाच्या प्रवाशाचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या २० पट झाले, तर त्याला रोखण्यासाठी सुमारे दीड टन वजनाइतके बल लागते. त्यामुळे पट्ट्याची एक जोडणी जरी निसटली, तरी उरलेला पट्टा त्या प्रवाशाला रोखू शकत नाही. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक मोटार जड असली, तरी पट्टा मोटारीला नव्हे तर प्रवाशाला रोखतो. म्हणून मोटारीच्या वजनाच्या प्रमाणात पट्ट्यावरील भार वाढत नाही.

इलेक्ट्रिक मोटारीत या प्रणालीवर आणखी एक काम सोपवलेले असते. टक्कर झाल्याचे ओळखणाऱ्या नियंत्रकाच्या संकेतावरून उच्च दाबाच्या बॅटरीचा वाहनातील इतर भागांशी असलेला संबंध तोडला जातो. त्यामुळे प्रवासी व मदतीला आलेले लोक यांना विजेचा धक्का बसण्याचा धोका कमी होतो.

जोडणीतील दोष

नोव्हेंबर २०१५ मध्ये टेस्लाने तोपर्यंत विकलेल्या सर्व, म्हणजे सुमारे ९०,००० मॉडेल एस मोटारी तपासणीसाठी परत मागवल्या. युरोपमधील एका मोटारीत पुढच्या आसनावरील प्रवासी मागे बसलेल्यांशी बोलण्यासाठी वळला असता त्याचा सीटबेल्ट सुटला, हे त्याचे कारण होते. आसनाच्या बाहेरील बाजूस असलेल्या प्रीटेन्शनरला पट्टा नीट जोडलेला नव्हता. या घटनेत कोणालाही इजा झाली नाही. अशा दोषात बकल व्यवस्थित लागते आणि इशारा दिवाही विझतो. पट्टा निकामी आहे याची कोणतीही खूण प्रवाशाला दिसत नाही.

याच स्वरूपाचा दोष मॉडेल एक्स मोटारींतही आढळला. नव्या मोटारींतील पुढील सीटबेल्ट पुरेसे जोडलेले नसल्याच्या दोन तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मार्च २०२३ मध्ये सुमारे ५०,००० वाहनांबाबत प्राथमिक चौकशी सुरू केली. त्याच वर्षी टेस्लाने १५,८६९ वाहने परत मागवली. ग्राहकाच्या ताब्यात देण्यापूर्वी काही मोटारींचे पट्टे सोडून पुन्हा जोडताना ती जोडणी नीट झाली नसण्याची शक्यता होती. २०२१ मध्ये मॉडेल ३ व मॉडेल वाय यांच्या खांद्याजवळील पट्ट्याच्या बांधणीबाबत, तर २०२२ मध्ये रिव्हियनच्या २०७ वाहनांतील पुढील सीटबेल्टच्या बांधणीबाबत अशीच कारवाई झाली.

आसनांमधील दोष

आसन सैल असल्यास सीटबेल्टचा उपयोग कमी होतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये टेस्लाने मॉडेल एक्सच्या सुमारे ११,००० मोटारी परत मागवल्या. त्यांच्या दुसऱ्या रांगेतील घडी होणाऱ्या आसनांच्या तारा योग्य प्रकारे जुळवलेल्या नसल्यास टक्करीत आसन पुढे कलंडण्याची शक्यता होती. मार्च २०२३ मध्ये मॉडेल वायच्या ३,४७० मोटारींत दुसऱ्या रांगेच्या पाठीची चौकट धरणारे नटबोल्ट सैल असू शकतात, असे जाहीर करण्यात आले. कुटुंबाच्या मोटारीत ही रांग बहुधा मुलांची असल्यामुळे या दोषांना विशेष महत्त्व आहे.

प्रीटेन्शनरमुळे लागणारी आग

डिसेंबर २०२२ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिका व कॅनडामधील सुमारे १,४०,००० शेव्हरोले बोल्ट मोटारी परत मागवल्या. टक्करीत प्रीटेन्शनर कार्यान्वित झाल्यावर बाहेर पडणाऱ्या तप्त वायूमुळे खालच्या गालिच्याचे तंतू पेट घेण्याची शक्यता होती. याच मॉडेलच्या मोटारी त्याआधी बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे परत मागवल्या गेल्या होत्या. मात्र या दुसऱ्या दोषाचा बॅटरीशी संबंध नव्हता. वायू बाहेर पडण्याच्या जागेजवळ गालिच्याला धातूचे पातळ आवरण लावणे हा त्यावरील मुख्य उपाय होता.

इशारा यंत्रणेतील दोष

फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाच्या ८,१७,१४३ मोटारींत, चालकाने पट्टा लावलेला नसतानाही मोटार सुरू करतेवेळी इशाऱ्याचा आवाज काही परिस्थितींत होत नसल्याचे आढळले. आधीच्या फेरीत हा आवाज मध्येच थांबला असेल आणि त्यानंतर पट्टा लावला गेला नसेल, तर पुढच्या वेळी तो वाजत नसे. २०२४ मध्ये आणखी १,२५,२२७ मोटारींवर अशीच कारवाई झाली. तेथे इशारा चालकाच्या आसनाखालील, बसल्याची नोंद घेणाऱ्या बटणावर अवलंबून होता. नव्या आज्ञावलीत हे अवलंबन काढून टाकण्यात आले.

या दोन्ही वेळी दुरुस्ती इंटरनेटद्वारे पाठवलेल्या आज्ञावलीने झाली व मोटार सेवा केंद्रात न्यावी लागली नाही. कायद्याच्या दृष्टीने हेदेखील वाहन परत मागवणेच ठरते. त्यामुळे परत मागवलेल्या वाहनांच्या संख्येवरून दोषाचे गांभीर्य ठरत नाही. लाखो मोटारींतील न वाजणारा इशारा आज्ञावलीने दुरुस्त होतो, परंतु एकाच मोटारीतील सुटा पट्टा कारागिराने स्वतः ओढून पाहिल्याशिवाय व जोडल्याशिवाय सुरक्षित होत नाही.

भारतातील तरतुदी

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालक व त्याच्या शेजारील प्रवाशासाठी सीटबेल्टचा श्राव्य इशारा बंधनकारक आहे. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०अ नुसार सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. कलम १९४ब नुसार सीटबेल्ट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालील मुलांना योग्य प्रकारे न बांधल्यासही हाच दंड होतो. इलेक्ट्रिक मोटारी या तरतुदींना अपवाद नाहीत.

इशारा यंत्रणा निकामी करण्याचे काम वाहनधारक स्वतःही करतात. बकलमध्ये अडकवून आवाज बंद करणाऱ्या क्लिपांच्या विक्रीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना आदेश दिले. त्यानंतर अशा १३,११८ नोंदी विक्रीतून हटवण्यात आल्या. क्लिप लावलेल्या मोटारीत पट्टा लावलेला असल्याची चुकीची नोंद नियंत्रकाकडे जाते. परिणामी, कारखान्यातून निर्दोष आलेली यंत्रणाही सदोष यंत्रणेसारखीच वागते.

हे सुद्धा पाहा

सीटबेल्ट
एअरबॅग
इलेक्ट्रिक वाहन
भारत एनकॅप