सिम बदलता येतं, मग वीज कंपनी का नाही?

२०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलता येते. आपल्या कळसला वीज मात्र महावितरणचीच. खरं तर २००३ च्या वीज कायद्यात एकाच भागात दुसऱ्या कंपनीलाही परवाना देण्याची सोय आहे. मुंबई उपनगरात २००९ पासून ग्राहक रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेऊ लागले!

मग इंदापूर तालुक्यातही स्पर्धा हवी का? माझं मत: जपून. नवी कंपनी आधी कारखाने उचलेल, शेतीपंप महावितरणकडेच राहतील. उद्योगांच्या जादा दरातून शेतीची वीज स्वस्त होते, तो आधारच तुटेल. आपली खरी गरज आहे दिवसा वीज. उसाला पाणी द्यायला मध्यरात्री कुणी का जावं? पंपांचे फीडर सौरऊर्जेवर आणणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ चीच आहे. ग्रामसभेत तिचाच पाठपुरावा करूया.